एर्सिलियाबाईंचं वाडगं

“पुरे! आता अगदी पुरे!” म्हणून एर्सिलियाबाईंनी माझ्या तोंडावर दार आपटलं, तेव्हा माझ्या हातात त्यांचंच वाडगं होतं, वाडग्यात तुपानं माखलेल्या पुरणपोळ्या होत्या आणि पोटात नववा महिना लागलेला होता. जानेवारीची थंडी, पायाखाली गोठलेला चिखल. मी त्या बंद दाराकडं बघत उभी राहिले. आतून बाईंचा आवाज येत होता. त्या प्रीमोकाकांना, म्हणजे आपल्या नवऱ्याला झापत होत्या. काका काही बोलले असतील असं अजिबात नाही. ते कधीच काही बोलायचे नाहीत, आणि तेवढ्यासाठीच रोज बोलणी खायचे.

घरी आले. आमचे साहेब, जयवंतराव इंगवले, टेबलाशी बसून कॅसेटवर इटालियन शिकत होते.

“काय झालं गं?”

“दार लावून घेतलं त्यांनी.”

“आणि पोळ्या?”

“ह्या काय.”

त्यांनी एक पोळी उचलली, दुमडली, अर्धी तोंडात घातली आणि भरल्या तोंडानं निकाल दिला, “ह्या लोकांना संस्कारच नाहीत, शालन.”

आमचे हे तसे बोलायला मोकळे. पुरण मी वाटलं होतं, तेही हरभऱ्याची डाळ मिळत नाही म्हणून छोले भिजवून, एकेकाचं साल काढून. कोल्हापूरहून बॅगेत घालून आणलेली गुळाची शेवटची ढेप त्यात गेली होती. कंबर माझी मोडली होती. आणि संस्कार ह्यांचे.

मोदेना शहराच्या वरच्या डोंगरातलं मोंतेरोव्हा नावाचं ते गाव. एक चर्च, एक बेकरी, एक बार आणि उरलेली सगळी म्हातारी माणसं. खाली मैदानात पॅकिंगच्या मशिनी बनवणारी एक कंपनी होती, तिच्यात ह्यांना तीन वर्षांसाठी पाठवलं होतं. इटलीत पाय ठेवल्यापासून सहा महिन्यांत आमचे साहेब इटालियन लोकांपेक्षाही जास्त इटालियन झाले. जेवणानंतर दुधाची कॉफी मागितली तर डोळे वटारायचे. मी शेवया मोडून उकळत्या पाण्यात टाकल्या तर जणू मी तुळस उपटली असं तोंड करायचे. बोलायचे मात्र कॅसेटमधलं, रेडिओवर बातम्या देतात तसलं. गावातली माणसं बोलायची डोंगरातली बोली. परिणामी ह्यांचं गावाला कळायचं नाही आणि गावाचं ह्यांना. दोष अर्थातच गावाचा.

मी भाषा शिकले ती बाजारात आणि कुंपणावरून. सुरुवातीला मला भाज्यांची नावं यायची, शिव्या यायच्या, आणि ‘ढवळ’, ‘चाळ’, ‘पूस’, ‘बस’, ‘खा’ एवढे हुकूम यायचे. संसाराला ह्याहून जास्त भाषा लागते असं मला तरी वाटत नाही.

तर ह्या वाडग्याची हकिकत अशी. आम्ही तिथं गेलो ते वसंतात. सामान उघडतोय तोवर शेजारच्या एर्सिलियाबाई दारात उभ्या. साठीच्या पुढच्या, आडव्या बांध्याच्या, एप्रन बांधलेल्या. निळ्या काठाचं पांढरं मातीचं वाडगं माझ्या हातात ठेवलं. त्यात कांद्यात शिजवलेले कोवळे वाटाणे. “खा!” म्हणाल्या आणि गेल्या.

आम्ही खाल्ले. फार सुरेख होते. मी वाडगं घासलं, पुसलं आणि माझ्या डोक्यात माझी आई, माझी सासू, माझ्या तिन्ही मावश्या एकदम बोलायला लागल्या. आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं! अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बदाम-केशर घालून शिरा केला आणि वाडगं भरून नेऊन दिलं.

बाईंनी आधी वाडग्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“एवढ्यात?” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, बाई खूश झाल्या. बघा, कोल्हापूरची पोर किती तत्पर! मी मानेनं होय म्हटलं. त्यांनी वाडगं घेतलं, आभार मानले आणि दार लावून घेतलं.

दोनच दिवसांत वाडगं परत आमच्याकडं. ह्या वेळी त्यावर पालथं ताट आणि ताटावर चीजचा तुकडा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि वर दाण्याचे लाडू. “एवढ्यात?” बाई म्हणाल्या. दार लागलं.

मग काय, सुरूच झालं. जूनमध्ये गावातल्या बायका हिरव्या अक्रोडांची दारू घालतात. बाईंनी वाडग्यात जर्दाळू आणि बरोबर आदल्या वर्षीच्या त्या काळ्या दारूची बाटली आणली. साहेबांनी बाटली ठेवून घेतली आणि मला म्हणाले, “दोन वस्तू आल्या. आपल्या तीन गेल्या पाहिजेत.” ऑगस्टमध्ये अख्ख्या गल्लीत टोमॅटो. अंगणात चुली, चुलींवर पिपं, पिपांत बाटल्या. बाईंनी टोमॅटोचा दाट रस दिला, वर तुळशीसारखी दिसणारी पानं. मी त्यांच्याच टोमॅटोचा ठेचा केला, कांदालसूण मसाला घालून. तो खाऊन प्रीमोकाका अंगणातल्या नळाखाली तोंड धरून बसलेले मी कुंपणावरून पाहिले. तरी चौथ्या दिवशी वाडगं आलंच. सप्टेंबरात द्राक्षाच्या रसाचं जांभळं पिठलं, म्हणजे गोड हां. मी तांदळाची खीर. शरदात चेस्टनट आणि जंगलातली अळंबी. मी चकली. नाताळात मटणाच्या पाण्यात सोडलेल्या त्या बोटाच्या पेराएवढ्या भरल्या करंज्या. बाई आणि त्यांच्या दोन बहिणी आठवडाभर त्या वळत बसल्या होत्या. मी त्या खाल्ल्या, डोळ्यांत पाणी आलं इतक्या चांगल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांबडा रस्सा घेऊन हजर.

“एवढ्यात?” बाई म्हणाल्या. ह्या वेळी ओठ न उघडता म्हणाल्या.

ही सगळी मॅच आमचे साहेब पॅव्हेलियनमधून बघत होते. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून घेतली होती त्यांनी. “इंगवल्यांच्या घरातून रिकामं भांडं जाणार नाही!” असं जेवताना दर वेळी म्हणायचे. इंगवल्यांच्या घरात शेगडी पेटवणारं माणूस एकच होतं, आणि त्याला त्या दिवसांत कांद्याच्या वासानं उलट्या होत होत्या. पण इज्जतीचा प्रश्न होता ना! रविवारी फोनवर सासूबाईसुद्धा तब्येत नंतर विचारायच्या, आधी म्हणायच्या, “त्या मडमेचं भांडं रिकामं नाही ना गं दिलंस?”

आता खरं सांगते. मला ती मॅच जिंकायची नव्हती. मला एर्सिलियाबाई हव्या होत्या.

बाळंतपण जवळ आलं होतं. आई येऊ शकत नव्हती, तिकडं माझ्या वहिनीचेही दिवस भरत आले होते. सासूबाईंचे गुडघे विमानात बसायला तयार नव्हते. आणि साहेबांना कंपनीनं फेब्रुवारीत पोलंडला मशीन बसवायला पाठवायचं ठरवलं होतं. “तारखेच्या आत परत येतो,” ते म्हणाले. पोटातल्या पोरानं तारीख वाचली असेल अशी त्यांची समजूत. दवाखाना खाली, दरीपलीकडच्या गावात. रात्री झोप लागायची नाही. दुखायला लागलं तर माझा हात कोण धरणार? बेकरीवाली?

मी एक वाक्य पाठ केलं होतं. ‘एर्सिलियाबाई, माझ्याबरोबर दवाखान्यात याल का?’ साधं वाक्य. पण ते बोलायला माणसानं आत बोलवावं लागतं, खुर्ची पुढं करावी लागते. आणि एवढ्या महिन्यांत, इतक्या खिरी-लाडवांनंतर त्या बाईंनी मला एकदाही ‘ये, बस’ म्हटलं नव्हतं. उंबऱ्यावर भांडं घ्यायच्या, आभार, दार बंद. मला वाटायचं, काहीतरी कमी पडतंय. मग मी तूप जास्त घालायची.

जानेवारीत त्यांनी डुक्कर कापलं आणि वाडगंभर कुरकुरीत तळलेली चरबी आणून दिली. तेव्हा मी ठरवलं, आता पुरणपोळी. पुरणपोळीपुढं कोण नाही म्हणतंय? पोळी द्यायची आणि वाक्य बोलायचं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

साहेबांनी पोळ्या संपवल्या आणि दुसऱ्या दिवशी जातीनं समेट घडवायला निघाले. टाय लावला. कुंपणापाशी प्रीमोकाका लाकडं फोडत होते, त्यांच्यापुढं उभे राहून ह्यांनी त्या बातम्यांच्या भाषेत भाषण केलं. भारतीय आतिथ्य, प्राचीन परंपरा, दोन देशांतले संबंध. काकांनी कुऱ्हाड खाली ठेवून सगळं शांतपणे ऐकून घेतलं. संपल्यावर ह्यांना एक सिगारेट दिली आणि परत लाकडं फोडायला लागले.

“समजलं त्यांना,” साहेब घरी येऊन म्हणाले. आठवड्यानं ते पोलंडला गेले.

बाईंचं वाडगं माझ्या ओट्यावर तसंच राहिलं. कुंपणाशी आमची नजरानजर झाली तरी बाई मान फिरवायच्या. मीही फिरवायची. मी काय कमी आहे का? मग घरात येऊन रडायची.

आणि व्हायचं तेच झालं. साहेबांच्या तारखेला अजून पंधरवडा होता आणि एका सकाळी मी चहा ठेवायला उठले तर फरशीवर पाणीच पाणी. खिडकीबाहेर रस्ता दिसेना इतका बर्फ. पोलंडच्या हॉटेलात फोन लावला, तर तिथली बाई ‘इंगोले, इंगोले’ करत राहिली. मग अँब्युलन्सला लावला. तिकडचा माणूस सौम्य होता. म्हणाला, बर्फ काढणारी गाडी पुढं गेल्याशिवाय आम्हाला वर चढता येणार नाही, वेळ लागेल, घाबरू नका. आणि मग त्यानं विचारलं, “तुमच्याजवळ कोण आहे?”

मी म्हटलं, “आहेत.” आणि फोन ठेवला.

जायला तर हवंच होतं. पण भांडण झालेल्या दारात जायचं कशाचं निमित्त करून? वर्षभर मी त्या दारात गेले ती वाडगं घेऊनच. मी वाडगं उचललं. आणि आता हसू नका हं. पोटात कळ येत होती, पायावरून पाणी ओघळत होतं, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून वाडग्यात घालायला काहीतरी शोधत होते! चिवडा संपलेला. लाडू संपलेले. साखरेचा डबा साहेबांनी जाताना सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेला, मुंग्या लागतात म्हणून. बर्फात मुंग्या! मी चिमूटभर साखरेसाठी टाचा उंचावल्या, हात वर केला आणि अशी कळ आली की ओट्याला धरून खालीच बसले.

“मरू दे ती साखर,” मी मोठ्यानं म्हटलं. घरात कोणी नव्हतं तरी लाज वाटली.

तशीच गेले. अंगावर ह्यांचा ओव्हरकोट, पायात बूट, हातात रिकामं वाडगं. चार ढांगांचं अंतर, पण भिंत धरत धरत गेले. दारावर थाप मारली.

एर्सिलियाबाईंनी दार उघडलं. माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही त्यांनी. नजर थेट वाडग्यावर. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, उजेडाकडं तिरकं धरलं, आत बघितलं.

“रिकामं?”

“रिकामं,” मी म्हटलं आणि रडायलाच लागले. “काहीसुद्धा नाही आज. माफ करा. माझ्याकडं काहीच नाही.”

बाईंचा चेहरा असा काही सैल झाला की बस. “आलीस का शेवटी!” त्या म्हणाल्या. वाडगं मागं कुठंतरी टाकून दिलं, माझ्या काखेत हात घालून मला आत ओढलं, चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि मग त्यांना ओव्हरकोटाखालचा प्रकार दिसला. “प्रीमो! गाडीच्या चाकांना बर्फाच्या साखळ्या लाव! प्रीमो! मुडद्या!”

प्रीमोकाकांच्या गाडीत मागच्या सीटवर मी, माझं डोकं बाईंच्या मांडीवर. पुढं बर्फ काढणारी गाडी कासवासारखी चाललेली. कळ आली की बाई माझा हात घट्ट धरायच्या आणि कळ गेली की भांडायच्या. एक वर्षाचं भांडण तुंबलेलं होतं त्यांच्यात.

“वर्षभर! वर्षभर तू माझं जेवण माझ्या तोंडावर फेकलंस!”

“मी?”

“नाहीतर कोण, पोप? मी संध्याकाळी वाडगं द्यावं, तू सकाळी दारात हजर! घासून पुसून, काठोकाठ भरून! माझी नणंद नॉर्मा आहे ना, तिचं आणि माझं भिंतीवरून भांडण झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पातेलं परत आलं, आत सहा अंडी. त्यावरून कळलं मला, की ही आता माझी कोणी नाही. वीस वर्षं झाली, बोलत नाही आम्ही!”

“अंडी पाठवली म्हणून?”

“लगेच पाठवली म्हणून! भांडं ठेवून घेतात गं पोरी! आमच्या गल्लीत माझी भांडी कुठं कुठं आहेत मलाच माहीत नाही. बहिणीकडं तीन आहेत, बेकरीत एक आहे. हवं तेव्हा त्या वापरतात, हवं तेव्हा मी जाऊन आणते. आपलं माणूस असलं की असंच असतं. लगेच भरून कोण परत देतं? ज्याला तुमच्याशी काही ठेवायचं नाही तो! मला वाटलं, ह्या पोरीला माझं काही नकोय. बरं, नको तर नको. पण मी काय हार जाते का? मीही पाठवत राहिले. प्रीमो म्हणायचा, सोड. म्हणायचा म्हणजे, बघायचा तसं.”

पुढून प्रीमोकाकांनी मान डोलावली.

मला हसायला येत होतं आणि कळही येत होती. दोन्ही एकदम कधी येऊ नयेत कुणाला. “आमच्याकडं उलटं आहे ओ,” मी म्हटलं. “रिकामं भांडं देणं म्हणजे तुमच्या घरात काही नसू दे म्हणण्यासारखं. म्हणून भरून द्यायचं.”

बाई विचारात पडल्या. “मग तुमच्याकडं एखाद्याशी संबंध तोडायचा असेल तर काय करता?”

“तोंडावर सांगतो.”

“हां,” बाई म्हणाल्या. “ते सोपं पडत असेल.”

मग पुढची कळ आली आणि मी त्यांना कोल्हापुरी भाषेत काय काय म्हटलं ते मलाही आठवत नाही. मुलगी झाली तेव्हा माझा हात त्यांच्याच हातात होता. नर्सनं विचारलं, तुम्ही कोण ह्यांच्या? बाईंनी नुसतं तिच्याकडं पाहिलं. नर्सनं परत विचारलं नाही.

आमचे साहेब तिसऱ्या दिवशी उगवले. हातात पोलंडची चॉकलेटं, डोळ्यांत पाणी. मुलीला बघितलं, गहिवरले, मला कपाळावर थोपटलं. सगळं झाल्यावर मी त्यांना हकिकत सांगितली. बर्फ, फोन, कळा, वाडगं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “रिकामं दिलंस?”

लग्नाला चार वर्षं झाली होती. एवढं टक लावून मी त्यांच्याकडं कधी पाहिलं नव्हतं.

घरी आलो त्या दिवशी संध्याकाळी दार वाजलंच नाही, ते सरळ उघडलं. एर्सिलियाबाई आत आल्या. कोंबडीच्या सुपाचं पातेलं शेगडीवर ठेवलं, मुलीच्या गालावर बोट टेकवलं, “जिओर्जिओ, बाजूला हो,” म्हणून जयवंतरावांना (हे नाव काही त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं) ढकललं आणि माझी कपाटं उघडायला लागल्या. एक, दुसरं, तिसरं. माझा मोठा स्टीलचा डबा सापडला. आतली मसुराची डाळ त्यांनी वर्तमानपत्रावर ओतली, डबा उलटा करून फुंकला, झाकण लावून बघितलं.

“हा चांगला आहे,” म्हणाल्या. “हा मला लागेल.” डबा बगलेत मारला आणि गेल्या.

साहेबांचा आ वासलेला.

“अगं, डबा नेला की त्यांनी! विचारलंसुद्धा नाही!”

“नेऊ द्या.”

“नेऊ द्या काय? त्याच्यावर आईचं नाव घातलंय! सौ. हौसाबाई इंगवले, वास्तुशांतीप्रीत्यर्थ! परत कधी देणार म्हणाल्या?”

“देणार नाहीत.”

“असं कसं देणार नाहीत? बरं, थांब. हे त्यांचं पातेलं आहे ना, आपण उद्या सकाळीच ह्यात चॉकलेटं भरून नेऊ या. म्हणजे विषय निघेल, मी शांतपणे डब्याचं विचारीन.”

“खबरदार!” मी म्हटलं.

मुलगी दचकून रडायला लागली. साहेबही दचकले, पण ते नुसतेच उभे राहिले. त्या घरात तोवर मी ओरडले नव्हते.

“पातेलं तिथंच राहील,” मी म्हटलं. “मी त्यात उद्या भात लावणार आहे. आणि तुम्ही त्या दारात काही भरून घेऊन गेलात, तर आपल्याकडं संबंध तोडताना सांगतात तसं मी तुम्हाला तोंडावर सांगेन. कळलं? आता पोरीला धरा.”

त्यांनी धरलं. नीट धरता येत नव्हतं, पण धरलं.

आम्ही तिथं आणखी दोन वर्षं राहिलो. निघताना एर्सिलियाबाईंना डबा मागायचं मला सुचलंही नाही आणि द्यायचं त्यांनाही नाही. सासूबाई मात्र शेवटपर्यंत त्या डब्यासाठी झुरल्या. पाहुण्यांसमोर मुद्दाम विचारायच्या, “शालन, माझा वास्तुशांतीचा डबा गं? परक्यांच्या देशात टाकून आलीस ना?”

“टाकून कशाला येईन?” मी म्हणायची. “घरातच आहे.”